कॅन्सरने गेलेल्या माणसाचा नमुना ४अ भरताना

आमच्याकडे घरी कोणी गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी दवाखान्यात येतं आणि म्हणतं, मॅडम, दाखला पाह्यजे. यात दोन वेगळे कागद आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एक ग्रामपंचायत देते तो मृत्यूचा दाखला, जो बँकेत, सातबाऱ्यावर वारस चढवायला, विम्याला लागतो. दुसरा डॉक्टरने भरायचा, मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. दवाखान्यात भरती असताना माणूस गेला तर नमुना ४ आणि घरी गेला तर नमुना ४अ. मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. हा दुसरा कागद कॅन्सरच्या पेशंटसाठी नीट भरायचा म्हणजे प्रत्यक्षात काय काय करावं लागतं ते आज सविस्तर लिहितेय, कारण माझ्यासारखे खेड्यात बसलेले बरेच डॉक्टर आहेत, शिवाय कॅन्सरचा पेशंट घरी असलेली तर असंख्य कुटुंबं आहेत.

आमच्या भागातला कॅन्सरचा माणूस ट्रीटमेंटला नागपूरला जातो, नाहीतर सेवाग्रामला, सावंगीला, काही जण आदिलाबादवरून हैदराबादला. ऑपरेशन, शेक म्हणजे रेडिएशन, केमो सगळं तिकडे होतं आणि मग एक दिवस तिथले डॉक्टर सांगतात, आता घरी न्या, सेवा करा. मग तो माणूस गाडीत आडवा होऊन गावात, तांड्यावर, पोडावर म्हणजे कोलामांच्या वस्तीवर परत येतो. शेवटचे महिने घरी जातात. जखमेचं ड्रेसिंग, लघवीची नळी, दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या गोळ्या, हे आम्ही अन् आशाताई मिळून बघतो. म्हणजे होतं असं की ज्या मोठ्या दवाखान्याने गाठ पाहिली, तुकडा तपासला, स्कॅन केले, त्यांच्या हातात मृत्यूचं कारण लिहायची वेळच येत नाही आणि ज्याला लिहायचंय त्याने ती गाठ कधी पाहिलेलीच नसते. आणि डॉक्टरच नसेल तर घरचे तोंडी सांगतील तेच ग्रामसेवकाच्या रजिस्टरला जातं. बिमारीनं गेले, म्हातारपणानं गेले, अटॅक आला. देशात २०२० साली जेवढ्या मृत्यूंची नोंद झाली त्यातल्या फक्त २२.५ टक्के मृत्यूंना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांचं कारण असंच.

एका पेशंटचं सगळं सांगते म्हणजे कळेल. एक काकू होत्या, पन्नाशीच्या थोड्या पुढे, नवरा आधीच वारलेला, थोडीशी कोरडवाहू जमीन आणि बाकी दिवस लोकांच्या शेतात कापूस वेचायला. पाळी बंद होऊन चार वर्षं झालेली आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं, ते त्यांनी बरेच महिने कोणाला सांगितलं नाही, सांगणार तरी कोणाला, घरात मुलगा आणि नवी सून. मग नागपूरला तपासणीत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, स्टेज ३बी. शेक पूर्ण झाला, काही महिने बऱ्या होत्या, दवाखान्यात स्वतः चालत यायच्या, आणि मग पुन्हा उठला. शेवटी शेवटी लघवी कमी होत गेली, पायांना चेहऱ्याला सूज, सारखी उचकी, अन्न नको, दिवसभर झोप झोप. नळी टाकून लघवीचा रस्ता मोकळा करता येईल असं नागपूरला सुचवलं होतं, पण आता कोणतीच नळी नको, घरीच राहू द्या, असं काकूंनीच स्पष्ट सांगितलं होतं आणि मुलानेही ते मानलं.

पहाटे आशाताईचा फोन आला. मी पोचले तेव्हा त्यांना ओसरीत खाली घेतलं होतं, उशाशी दिवा लावला होता, अंगणात बाया बसलेल्या. तपासणं गरजेचंच असतं. घरी जाऊन बॉडी न पाहता, फोनवर ऐकून, ४अ भरायचा नसतो. स्टेथो लावून काही मिनिटं ऐकलं, श्वास नाही, मानेची नाडी नाही, टॉर्च लावली तर बाहुल्या मोठ्या आणि हलत नाहीत. अंगावर कुठे मार, जखम, काही वेगळं नाही ना तेही पाहिलं, ते सुनेच्या मदतीने, चादर धरून. मग मुलाला बाजूला घेऊन वेळ विचारली. साडेतीनला पाणी पाजलं होतं, चारला पाहिलं तर गेलेली.

मी फॉर्म काढला तर मुलाचे मामा म्हणाले, "मॅडम, हार्ट बंद पडलं लिहून टाका ना, सगळ्याईचं थेच लिहितात. आदिलाबादचे पाव्हणे यून रायले, दुपारपर्यंत उचला लागते." त्यांचं काही चुकीचं नव्हतं, त्यांनी आजवर पाहिलेल्या कागदांवर तेच होतं. आणि मौतीच्या घरात कागदासाठी थांबा म्हणणं कोणालाही जड जातं. मी म्हटलं, मामा, तुम्ही तयारी करा, अंत्यविधी माझ्या कागदासाठी थांबणार नाही, मला फक्त काकूंची थैली द्या.

थैली म्हणजे साडीच्या दुकानाची कॅरीबॅग. प्रत्येक कॅन्सरच्या घरात अशी एक असते आणि ती कपाटात, देवाच्या फळीवर नाहीतर धान्याच्या कोठीवर ठेवलेली असते. त्यात सगळं एकत्र, सोनोग्राफीच्या फिल्म, बसची तिकिटं, रेशन कार्डाची झेरॉक्स, योजनेचे फॉर्म, औषधांची बिलं. त्यातून मला तीन कागद हवे होते. पहिला बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याचा रिपोर्ट, तो सापडला, घडी पडून पडून मधोमध फाटलेला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, सर्व्हिक्स, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा एक प्रकार. दुसरा डिस्चार्ज कार्ड, ज्यात स्टेज आणि शेकाच्या तारखा. तिसरा शेवटची सोनोग्राफी आणि रक्त. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांना सूज, मूत्रनलिका खाली दाबल्या गेलेल्या, आणि रक्तात क्रिएटिनिन नऊच्या वर, म्हणजे किडन्या जवळपास बंद. आता चित्र पूर्ण झालं.

फॉर्मचा भाग १ तीन ओळींचा आहे, अ, ब, क. अ मध्ये मृत्यूला थेट कारणीभूत झालेली स्थिती, ब मध्ये ती कशाने आली, क मध्ये मूळ आजार जिथून हे सगळं सुरू झालं. काकूंचं असं लिहिलं, अ युरेमिया (किडन्या बंद पडून रक्तात घाण साचणं), ब दोन्ही मूत्रनलिकांमध्ये अडथळा, क गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, स्क्वॅमस सेल, स्टेज ३बी. प्रत्येक ओळीसमोर किती काळापासून तो रकाना असतो, तो बहुतेक फॉर्मवर कोरा दिसतो, तो भरायचाच. साधारण दहा दिवस, दोन महिने, दीड वर्ष. हा काळ भरला की आपलीच तपासणी होते, खालच्या ओळीचा आजार वरच्यापेक्षा जुना निघायला हवा, नाही निघाला तर ओळी उलट्या पडल्यात. त्यांना शुगर होती आठेक वर्षांपासून, ती भाग २ मध्ये, कारण तिने तब्येत बिघडवली पण ती या साखळीतली नव्हती.

मी भरून झालं की खालून वर मनात वाचते, सर्व्हिक्सच्या कॅन्सरमुळे नलिका दाबल्या, नलिका दाबल्यामुळे युरेमिया, त्यामुळे मृत्यू. कुठे अडखळलं तर काहीतरी चुकतंय. मग मामांना अन् मुलाला तेच मराठीत सांगितलं. मुलगा म्हणाला, "म्हंजे लघवी बंद झाली म्हून गेली माय? कॅन्सरनं नाई?" मी म्हटलं, कॅन्सरनेच गेली भाऊ, कॅन्सरने लघवीचा रस्ता दाबला. त्याला ते लगेच कळलं. उलट त्याच्या डोक्यात होतं की आपण पाणी कमी पाजलं म्हणून लघवी बंद झाली, ते त्या सकाळी त्याच्या डोक्यातून निघालं. कागदाच्या निमित्ताने घरच्यांना पाच मिनिटं नीट समजावून सांगता येतं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हार्ट बंद पडलं का लिहायचं नाही, तर हार्ट प्रत्येकाचंच बंद पडतं. कार्डियाक अरेस्ट, कार्डिओ रेस्पिरेटरी फेल्युअर, हे मरण कसं झालं ते सांगतं, कशाने झालं ते सांगत नाही. फॉर्मवरच छापलेलं असतं की हे लिहू नका, तरी सर्रास लिहिलं जातं. आपले फॉर्म पुढे जातात, तिथे कोडिंग करणारी माणसं जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीप्रमाणे प्रत्येक मृत्यूला एक कोड देतात, आणि तो कोड मूळ कारणाला मिळतो. आता मूळ कारणाच्या जागी मी कार्डियाक अरेस्टच लिहिलं असेल तर ते बिचारे दुसरं काय देणार. दीड वर्ष कॅन्सरशी झगडलेली बाई सरकारी आकड्यात हृदयाच्या खात्यावर जमा. शॉर्टफॉर्मचंही तसंच, सीए म्हणजे कार्सिनोमा की कार्डियाक अरेस्ट, वाचणाऱ्याला कसं कळावं, म्हणून पूर्ण शब्द, सुटी मोठी अक्षरं.

या कोडिंगमध्ये जागा फार महत्त्वाची. नुसतं कॅन्सर लिहून भागत नाही, कुठला ते पाहिजे. आमच्याकडे गर्भाशयाच्या मुखाचा असो की गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा असो, सगळ्याला पिशवीचा कॅन्सर म्हणतात आणि डॉक्टरही घाईत गर्भाशयाचा कॅन्सर लिहून मोकळे होतात. मुखाचा सी५३, वरच्या भागाचा सी५४, आणि कुठला ते लिहिलंच नाही तर सी५५, कुठलाच नाही असा. फरक का पडतो, तर मुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूवरच्या लसीने आणि वेळेवर तपासणीने टाळता येण्यासारखा आहे, आणि किती बाया त्याने जातात हेच कळलं नाही तर तालुक्याला किती तपासणी शिबिरं लावायची हे ठरवणार कशावरून.

एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा अभ्यास सांगितला होता, तो माझ्या डोक्यात पक्का बसलाय. १,३१,७४६ बाया, वय ३० ते ५९, गावांचे गट पाडून कोणाची एचपीव्ही तपासणी, कोणाची दुसरी तपासणी, एका गटाची नेहमीप्रमाणे. २००९ मध्ये निकाल छापून आला. आठ वर्षांत एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. एकदाच तपासणी करून मृत्यू जवळपास निम्मे, हे जगाला आपल्या मराठवाड्यातल्या खेड्यांनी दाखवलं. आता विचार करा, एकेका गटात तीस हजारांच्या वर बाया आणि मृत्यू इतके थोडे, त्यातल्या दहा-पंधरा जणींचं कारण जर कोणी किडनी फेल नाहीतर हार्ट लिहून सोडलं असतं तर तो निकाल असा लख्ख दिसला असता का. तिथे बार्शीची कॅन्सर नोंदणी आधीपासून होती, त्यांची माणसं गावोगाव जाऊन प्रत्येक मृत्यूची चौकशी करत होती, म्हणून ते जमलं. आमच्या विदर्भात नागपूर, वर्ध्याला कॅन्सरची नोंदणी आहे, पण माझ्या पोडावरच्या माणसाचं काय झालं ते कळण्याचा रस्ता माझ्या ४अ वरूनच जातो.

जागेचा दुसरा घोळ म्हणजे मूळ गाठ आणि पसरलेली गाठ. एका गावचे आजोबा लिव्हर कॅन्सरने गेले असं सगळं गाव सांगत होतं, शेवटी कावीळ झालेली, पोट पाण्याने भरलेलं. घरच्यांनाही तेच माहीत, कारण शेवटच्या वेळी नागपूरला कोणीतरी लिव्हरमध्ये गाठी आहेत म्हटलं होतं. त्यांच्या थैलीत अगदी तळाशी दोन वर्षांपूर्वीचा कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासल्याचा कागद निघाला आणि त्यात रेक्टमची गाठ. म्हणजे कॅन्सर गुदाशयाचा, लिव्हरमध्ये फक्त पसरलेला. मग अ लिव्हर फेल्युअर, ब लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठी, क रेक्टमचा कॅन्सर. लिव्हर, फुप्फुस, हाडं, मेंदू या जागी कॅन्सर शरीरात दुसरीकडून येऊन बसतो बऱ्याच वेळा, त्यामुळे यातलं एक नाव ऐकलं की मी आधी विचारते सुरुवात कुठे झाली होती, पहिल्यांदा कशासाठी दाखवलं होतं. घरातल्या बायांना हे बरोबर आठवतं. "पयले संडासातून रक्त जाये," असं त्यांच्या सुनेने सांगितलं म्हणून तर मी तळापर्यंत शोधलं. आणि सगळ्या तपासण्या होऊनही मूळ जागा सापडलीच नसेल तर तसं लिहायचं, मूळ जागा अज्ञात. हे प्रामाणिक उत्तर आहे आणि त्याला वेगळा कोड आहे.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल लिहिल्याशिवाय आमच्या भागाचं चित्र पूर्ण होत नाही. खर्रा. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून घोटायचा आणि दिवसभर गालात धरायचा, पोरं शाळेच्या वयात लागतात. तोंड उघडणं कमी होत जातं, तिखट सहन होत नाही, आणि मग एक दिवस गालात न भरणारी जखम. यातही नुसतं तोंडाचा कॅन्सर न लिहिता गालाच्या आतला, जिभेचा, खालच्या हिरडीचा असं लिहायचं, प्रत्येकाचा कोड वेगळा आहे. या पेशंटांचा शेवट फार कठीण असतो, कधी मानेतली मोठी रक्तवाहिनी फुटून काही मिनिटांत सगळं संपतं, आणि घरच्यांना वाटतं हे काहीतरी अचानक वेगळंच झालं. तेव्हाही क ओळीत कॅन्सरच, रक्तस्राव अ मध्ये.

शिवाय मृत्यूच्या माहितीचा जो नमुना २ असतो त्यात खाली चार प्रश्न आहेत, मृत व्यक्ती बिडी-सिगारेट ओढत होती का आणि किती वर्षं, तंबाखू खात होती का किती वर्षं, सुपारी, पानमसाला किती वर्षं, दारू किती वर्षं. हे जवळजवळ नेहमी कोरं जातं. घरचे सांगत नाहीत, लाज वाटते, गेलेल्या माणसाचं वाईट कशाला लिहायचं, किंवा विम्याचे पैसे अडतील ही भीती. मी बसून विचारते, खर्रा कधीपासून होता भाऊ, लग्नाआधीपासून की नंतर. वर्षं अशीच निघतात, लग्न, पहिलं पोर, अमुक साली दुष्काळ. आणि खर्रा असेल तर दोन्ही रकान्यांत भरायला लावते, तंबाखूत पण आणि सुपारीत पण, कारण त्यात दोन्ही आहे. खर्ऱ्याने आमच्या गावांतली किती माणसं नेली हे कधीतरी कागदावर दिसायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कॅन्सर लिहू नका म्हणून विनवणाऱ्यांची भीती बहुतेक वेळा मुलीच्या लग्नाची असते. घराण्यात बिमारी आहे म्हणतील, सोयरीक मोडेल. त्यांना मी एकच गोष्ट सांगते आणि ती कायद्यातच आहे, जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९, कलम १७. ग्रामपंचायतीतून जो मृत्यूचा दाखला कोणालाही मिळतो त्यावर मृत्यूचं कारण छापायचंच नाही असं त्यात म्हटलंय. तुमच्या शेजाऱ्याने, सोयऱ्याने तो दाखला पाहिला तरी त्यावर नाव, तारीख, ठिकाण असेल, कॅन्सर नसेल. डॉक्टरचा कागद रजिस्ट्रारकडे जातो आणि एक प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळते, ती तुम्ही तुमच्यापाशी ठेवा. हे ऐकलं की निम्म्या लोकांचा विरोध तिथेच संपतो. आणि या कागदाचे डॉक्टरने एक रुपयाही घ्यायचा नसतो, तेही कायद्यातच आहे, हे लोकांना माहीत असायला हवं.

आता उलट बाजू. कॅन्सर होता म्हणजे कॅन्सरनेच गेला असं नाही. एका माणसाची जिभेच्या कॅन्सरची ट्रीटमेंट चालू होती, पावसाळ्यात रात्री खाली झोपलेला, मण्यार चावली, पहाटे दवाखान्याच्या वाटेवर गेला. घरच्यांचं म्हणणं, तसाही जाणारच होता, कॅन्सर लिहा, फाडाफाडी नको. त्यांचं दुःख मला दिसत होतं, पण अशा वेळी मी सहीच करू शकत नाही, हा नैसर्गिक मृत्यू नाही, पोलिसांना कळवावं लागतं, पोस्टमार्टेम करावं लागतं आणि कारण ते करणारा डॉक्टर लिहितो. मी त्यांना हेही सांगितलं की शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, साप चावून मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख मिळतात, पण त्याला पंचनामा आणि पोस्टमार्टेमचे कागद लागतात. कॅन्सर लिहिलं असतं तर त्या पोरांचा हक्कही गेला असता.

आणि याच योजनेसाठी दुसऱ्या घरी उलट आग्रह झाला. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेले सत्तरीचे काका, संडासला जाताना उठले आणि मांडीचं हाड मोडलं, पडले म्हणून मोडलं नाही, आतून पोखरलेलं होतं म्हणून उभं राहतानाच मोडलं. मग बिछान्यावर, मग छातीत कफ होऊन न्यूमोनिया. शेजारचा एक जण म्हणाला, पडून गेले लिहा, अपघात होते. मी नाही म्हटलं, एक्सरे समोर ठेवून समजावलं. अ न्यूमोनिया, ब कॅन्सरने पोखरलेलं हाड मोडून अंथरुणाला खिळणं, क प्रोस्टेटचा कॅन्सर, मृत्यूचा प्रकार नैसर्गिक. त्या घराला पैशाची किती गरज होती ते मला माहीत आहे आणि नाही म्हणताना वाईट वाटतंच, पण एक खरं आणि एक खोटं असं सोयीने लिहायला लागलो तर सापवाल्या घराच्या कागदावर तरी कोणी विश्वास का ठेवावा.

दहा-बारा वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालेली, पूर्ण बरी झालेली आजी लकव्याने गेली तर तिथे बीपी आणि लकवा, कॅन्सर साखळीत ओढायचा नाही. पण तरुण बाई केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होऊन, ताप येऊन, सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर पसरून बीपी कोसळून) गेली तर तिथे मूळ कारण स्तनाचा कॅन्सरच राहतं. मधल्या ओळीत केमोनंतर पेशी कमी होणं हे स्पष्ट लिहायचं, यात लपवण्यासारखं काही नाही. बरेच डॉक्टर केमो शब्द लिहायला कचरतात, आपल्यावर बालंट येईल म्हणून, आणि घरच्यांना तर वाटतच असतं की सुईनेच मारलं. मी अशा घरी सांगते की केमो ज्या आजारासाठी दिली तो नसता तर केमोही नसती.

कागद भरून झाला की पुढचं काम तसं सोपं आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, गावात ग्रामसेवकाकडे, नमुना २ सोबत माझा ४अ. उशीर झाला तर लेट फी, महिना उलटला तर वरून परवानगी, वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश, म्हणून मी घरच्यांना तेराव्याच्या आधीच जा म्हणते. आमचे ग्रामसेवक चांगले आहेत, पण ऑनलाईन भरताना कारणाच्या जागी छोटं करून नुसतं कॅन्सर टाकायचे. मी त्यांच्यासोबत बसून क ओळ जशीच्या तशी टाकायची सवय लावून घेतली, त्यांनीही मनावर घेतलं, आता शंका असली की फोन करतात. एकदा रात्री फोन करून विचारलं, मॅडम, थे गालाचा लिहिलं थे डावा का उजवा पण टाकू का.

ज्या पेशंटला मी किंवा आमच्या केंद्राने पाहिलंच नाही त्याच्या ४अ वर मी सही करत नाही, शेवटच्या आजारात ज्याने पाहिलं त्यानेच लिहायचं असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. त्यामुळे आता पद्धत अशी केलीय की नागपूर, सेवाग्रामहून कोणी परत आलं असं आशाताईने कळवलं की पहिल्याच आठवड्यात घरी जायचं, माणूस बोलता असतानाच. दुखणं, झोप, जखम हे आधी पाहायचं, ते मुख्य काम, आणि निघताना थैली मागून बायोप्सी, डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा स्कॅन या तिघांचे फोटो काढून घ्यायचे. आशाताईच्या वहीत त्या पेशंटच्या नावापुढे मूळ जागा, कधी कळलं ते साल, आणि मोठ्या दवाखान्याचा रजिस्ट्रेशन नंबर. कागद हरवला असेल तर त्या नंबरवर रेकॉर्ड विभागातून कॉपी मिळते, वेळ लागतो पण मिळते, आणि माणूस जिवंत असताना ती मिळवणं गेल्यावर मिळवण्यापेक्षा पुष्कळ सोपं पडतं. तुमच्या घरी कोणी असं असेल तर हे तीन कागद वेगळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये काढून ठेवा, बाकी बिलं वेगळी.

सध्या आमच्या वहीत जी नावं आहेत त्यातल्या एका तांड्यावरच्या काकांचा बायोप्सी रिपोर्ट अजून हाती नाही, डिस्चार्ज कार्डावर फक्त मानेतल्या गाठींचं लिहिलंय, सुरुवात जिभेच्या मागे होती की घशात ते कळत नाही. काकांना विचारलं तर म्हणतात आधी कानात दुखायचं. त्यांचा भाचा सोमवारी नागपूरला जातोय, त्याला नंबर, तारीख आणि कुठल्या खिडकीवर काय मागायचं ते कागदावर लिहून दिलंय, सोबत माझ्या सही-शिक्क्याची चिठ्ठी.